शेंडे सिस्टर आणि फिरती बाटली

शेंडे सिस्टरांचं डोकं हेल्मेटशिवाय मी दोनदाच पाहिलं. एकदा त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात, फोटोवाला अडून बसला म्हणून. दुसऱ्यांदा भर पावसाळ्यात एका नाल्याच्या काठावर. एरवी हेल्मेट कायम. स्कूटीवरून उतरल्या तरी, टपरीवर चहा प्यायला बसल्या तरी, लग्नाच्या पंगतीत वरणभात कालवत असल्या तरी. "जंगलात वरून काय पडन, सांगता येत नाई," असं त्यांचं म्हणणं. आमच्या दवाखान्याच्या छपरातून काय पडेल तेही सांगता येत नव्हतं, म्हणून मी वाद घालत नसे.

मी एटापल्ली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात औषधं देणारा. मूळचा वडशाचा, स्वभावाने भित्रा, नियमाच्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय क्रोसिनची गोळीही न देणारा. सिस्टर मला 'गोळीभाऊ' म्हणायच्या. त्या ब्रह्मपुरीच्या. या जंगलात त्यांनी उभी नोकरी बाळंतपणं करण्यात घालवली, निवृत्त झाल्या, महिनाभर ब्रह्मपुरीला बहिणीकडे राहिल्या, बहिणीशी भांडल्या आणि परत आल्या. त्याच सुमारास आमच्याकडे नवीन काम आलं होतं: गावोगाव हिपॅटायटिस सी शोधायचा, ज्यांना निघेल त्यांना औषध द्यायचं आणि ते पुरतं घेतलं जातंय की नाही हे बघायचं. त्यासाठी कंत्राटावर एक माणूस हवा होता. मुलाखतीला तिघं आले. दोघांनी आजाराची माहिती घडाघडा म्हणून दाखवली. सिस्टरांना विचारलं, पेशंट औषध घेत नसेल तर काय कराल?

"त्याच्या घरी जाऊन बसन," सिस्टर म्हणाल्या. "तो गोळी घेत नाई तोवर उठनार नाई. आन् मले एका वक्ताले गंजभर भात लागते."

नेमणूक त्यांचीच झाली.

हा आजार मोठा लबाड. काविळीच्याच जातीचा, पण डोळे पिवळे करून वर्दी देईलच असं नाही. वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतो, ते आतून कडक करत नेतो आणि माणूस आपला मोहफुलं वेचत फिरत असतो. बरं, औषध इतकं गुणाचं की रोज एक गोळी बारा आठवडे घेतली तर बहुतेक जण साफ बरे होतात. अडचण एवढीच, की ज्याला काही दुखतच नाही त्याला बारा आठवडे गोळी घ्यायला लावायची कशी? सिस्टरांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "रोग मुका हाये बापू, म्हनून मले बोला लागते." आणि बोलायच्या त्या अशा, की समोरच्याने कंटाळून गोळी गिळावी.

त्यांची दुसरी युक्ती नात्याची. पेशंट पुरुष असला की तो त्यांचा जावई. "जावईबापू, घ्या बरं औषध. सासूच्या हातचं नाई म्हनता येत नाई." बाई असली की विहीण, कारण विहिणीशी मनसोक्त भांडता येतं. सिस्टरांना लेक ना लेकरू, लग्नच केलेलं नाही; तरी तालुकाभर जावई पसरलेले. बाजारात एखादा उघडाबंब म्हातारा त्यांना बघून सासूच्या धाकाने तंबाखू लपवताना मी स्वतः पाहिलाय.

आठवडी बाजारातला कलेजीचा प्रकार तर अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. लोकांना यकृत म्हणजे काय ते समजेना, म्हणून सिस्टरांनी मटणाच्या दुकानातून दोन कलेज्या घेतल्या. एक तशीच ताटात ठेवली. दुसरी शेजारच्या भज्यांच्या चुलीत काळी ठिक्कर होईपर्यंत भाजली. मग हेल्मेट घालून बाकावर चढल्या. "हे तुमचं आजचं. हे रोग झालेल्याचं. हात लावून पाहा, कसं लाकूड झालं!" लोकांनी हात लावून पाहिलं. बायकांनी तोंडाला पदर लावला. परिणाम भलताच झाला. त्या दिवशी बाजारात कुणी कलेजी विकत घेईना. दुकानदार सुरी घेऊन बाकापाशी आला. सिस्टरांनी त्याचाही हात धरून बोट टोचून घेतलं, वर त्याची उरलेली सगळी कलेजी विकत घेतली आणि दवाखान्यात आम्ही दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तीच खाल्ली. पुढच्या बाजाराला तपासणीसाठी ही रांग लागली. त्यातल्या निम्म्यांची समजूत अशी, की बोट टोचलं की कलेजी मिळते.

त्याच रांगेत जुरू हेडो होता.

जुरू पुस्केटोल्याचा. नाल्यापलीकडचं, माडिया लोकांचं सव्वीस घरांचं गाव. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटक, बोलायला लाजरा. खूप वर्षांपूर्वी एक सायकलवाला डॉक्टर बाजारात येऊन एकाच सुईने सगळ्यांना ताकदीचं इंजेक्शन द्यायचा. ती ताकद जुरूच्या वाट्याला अशी आली. रक्त नागपूरला गेलं, आजार नक्की झाला, पोटाची तपासणी झाली. आमच्या डॉक्टरांनी सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की यकृत बरंच कडक झालंय, औषध आत्ताच लागू पडेल. आणखी वर्ष घालवलं तर काही सांगता येणार नाही.

सिस्टर त्याला जावई करून घ्यायला गावात गेल्या, तर तिथे ते प्रकरण गंभीरपणे घेतलं गेलं. गायता म्हणजे गावचा म्होरक्या. त्याने विचारलं, "बाई, तू किती देवांची?" या लोकांत कुणी चार देवांचं, कुणी सहा, कुणी सात, त्यावरून कोणाची सोयरीक कोणाशी जमते ते ठरतं.

"आमच्यात देव नाई," सिस्टर म्हणाल्या. "आमी बुद्धाचे."

"एकही नाई?"

"एकही नाई."

गायत्याने बराच वेळ विचार केला. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांशी माडियात चर्चा झाली. शेवटी तो म्हणाला, "मंग तुझं सगळ्यांसंगं जमते." सिस्टर त्या दिवसापासून अख्ख्या गावाच्या अधिकृत सासू झाल्या.

एप्रिलमध्ये मी जुरूच्या हातात पहिली बाटली ठेवली. अठ्ठावीस गोळ्या, रोज एक. सिस्टरांनी त्याला ठणकावून सांगितलं, "जावईबापू, हे साधं औषध नोहे. लई मोलाचं हाये. एक गोळी वाया जाऊ द्यायची नाई. आन् कोनाले सांगू नका, हे तुमच्या-माझ्यातच." जुरूने मान हलवली, बाटली धोतराच्या सोग्यात बांधली आणि गेला.

दहा दिवसांनी आम्ही दोघं त्याच्या अंगणात पोचलो. सिस्टर म्हणाल्या, "बाटली दाखवा." जुरूने बाटली आणली. बाटली रिकामी होती.

"दहा दिवसांत सगळ्या खाल्ल्या?" मी विचारलं.

"नाई," जुरू म्हणाला. "एक खाल्ली."

हळूहळू उलगडा झाला. पुस्केटोल्यात जंगलातून जे येतं ते वाटून खायचं, हा नियम. शिकार असो, नाल्यातले मासे असोत, घरागणिक वाटा पडतो. घरात कुणी नसलं तरी पडतो. सिस्टरांनीच औषध मोलाचं आहे म्हणून सांगितलेलं. एवढी मोलाची चीज एकट्याने खायची? जुरूने त्याच संध्याकाळी सव्वीस घरांत सव्वीस गोळ्या वाटल्या. एक त्याच्या स्वतःच्या घराला आली, ती त्याने खाल्ली. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या घराची गोळी त्यांच्या कुडाला चिंधीत बांधून ठेवली होती. सत्ताविसावी देवापुढे.

गाव जमलं आणि जो तो गुण सांगू लागला. एकाचा गुडघा दुखायचा थांबला होता. एका म्हातारीला रात्रीचं दिसायला लागलं होतं. एकाने आपली गोळी हगवण लागलेल्या बैलाला चारली होती, तो बैल आता नांगराला दोघांना ऐकत नव्हता. मी आठवेल तो नियम मनात आठवत होतो आणि प्रत्येक नियमाप्रमाणे माझी नोकरी जात होती. सिस्टरांचा चेहरा लाल झाला होता. आता या काय बोलतात म्हणून मी त्यांच्याकडे बघत होतो.

तेवढ्यात जुरूने डोक्याच्या फडक्याची गाठ सोडली. आत अठ्ठाविसावी गोळी होती. ती त्याने सिस्टरांपुढे धरली. "हा तुझा वाटा. ठेवला होता."

सिस्टर मटकन खाली बसल्या. आधी हसायला लागल्या. हेल्मेट गदागदा हलत होतं. सगळं गाव त्यांच्याबरोबर हसलं. मग माझ्या लक्षात आलं की त्या रडताहेत. "गोळीभाऊ," मला म्हणाल्या, "चुकी मायीच हाये. मी याले सांगलं, सोनं हाये म्हनून. सोनं एकटा खानारा मानूस नाई हा." मग डोळे पुसून त्यांनी घरोघर फिरून ज्यांनी गोळी खाल्ली त्या सगळ्यांना तपासलं. एकेका गोळीने कुणाला काही झालं नव्हतं. बैलाला त्या दुरूनच बघून आल्या.

गोष्ट इथे हसण्यावारी संपली असती, पण जुरूचा उपचार राहिलाच होता. जिल्ह्याहून साहेब आले. वाईट माणूस नव्हते, पण औषध वाया घालवता येत नाही, हे त्यांचंही खरंच होतं. "हे गाव दुसरी बाटलीपण वाटून खाईल. नाव तूर्त बाजूला ठेवा. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर कोनाले पाहाल साहेब? त्याच्या फोटोले?" सिस्टर म्हणाल्या.

आणि मग, का कोण जाणे, मी बोललो. म्हणालो, सर, बाटली मी देतो, जबाबदारी माझी. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. साहेबांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, एका वेळी एकच बाटली. ती नीट संपली तरच दुसरी.

बाहेर आल्यावर मी सिस्टरांना म्हटलं, "आता गावाला समजावायला हवं की औषध वाटायचं नसतं."

"गाव कायले समजावता? शंभर पिढ्यांची सवय हाये आन् चांगली हाये. औषधच वाटून देऊ."

जूनच्या सुरुवातीला पुस्केटोल्यात बैठक बसली. सिस्टर मधोमध उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "या बाटलीत सगळ्यांचा वाटा हाये. सव्वीस घरं, सव्वीस वाटे. पर या वेळी वाटा खायचा नाई, वाटा खाऊ घालायचा. आज या घरी बाटली, उद्या त्या घरी. जुरूनं त्या घरी जायचं, त्या घरानं आपल्या हातानं त्याले गोळी द्यायची. ज्याच्या घरून गोळी चुकली, त्याचा वाटा बुडला."

कुजबुज झाली. वाटा बुडणं ही तिथे लहान गोष्ट नाही. गायत्याने पुन्हा खूप वेळ विचार केला. मग म्हणाला, "हे बराबर हाये. पयले काऊन नाई सांगलं?" सत्ताविसावी गोळी देवाच्या वतीने गायत्याची बायको देणार होती. अठ्ठाविसावी कोणाची, यावर वाद झालाच नाही. सगळे सिस्टरांकडे बघू लागले. "तूही एक घर," गायता म्हणाला.

बाटली फिरू लागली. आमची काळजी एकच होती की गोळी चुकू नये. झालं उलटंच. पाहुण्याला नुसती गोळी कशी द्यायची? पहिल्या घराने भात आणि मासे घातले. दुसऱ्या घराला ते समजलं, त्यांनी कोंबडा कापला. तिसऱ्या घराला कोंबड्यावर काय करावं ते सुचेना, त्यांनी कोंबडाही केला आणि अंडीही. एका घरातली म्हातारी आपला वाटा बुडेल या धास्तीने पहाटे अंधारातच जुरूला उठवायला गेली. मोहाची दारू मात्र सिस्टरांनी बंद केली होती, आणि सासूची आज्ञा म्हणून ती कुणी मोडली नाही. महिन्याभराने जुरू बाजारात भेटला तो चांगला गुबगुबीत. हात जोडून म्हणाला, "बाई, या रोगानं नाई मरत मी. जेवून मरन."

अठ्ठाविसावा दिवस सिस्टरांचा. त्यांना स्वयंपाक येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यांनाही. डब्यात उकडलेली अंडी आणि पिठलं घेऊन गेल्या. पिठल्यात चमचा उभा राहत होता. जुरूने सासूचा मान राखून सगळं संपवलं आणि गोळीसाठी दोन तांबे पाणी प्यायला.

छप्पन्नावा दिवस जुलैअखेर आला. नाल्याला पूर. आम्ही अलीकडच्या काठावर, गाव पलीकडे. दुसऱ्या बाटलीतली शेवटची गोळी तिकडे होती आणि तिसरी बाटली माझ्या खिशात. ती आज गेली नाही तर उद्याची गोळी चुकणार होती. पलीकडून गावातला एक दांडगा पोहणारा, वत्ते नावाचा, वरच्या अंगाने पाण्यात शिरला आणि वाहत वाहत आमच्या काठाला लागला. बाटली त्याला द्यायची कशी? हातात धरली तर पोहणार कसा, कमरेला बांधली तर भिजणार.

सिस्टरांनी हेल्मेट काढलं. केस पार पांढरे झाले होते, ते मला त्या दिवशी समजलं. बाटली तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून त्यांनी हेल्मेटच्या आत कापडाने ठोसून बसवली आणि हेल्मेट वत्तेच्या डोक्यावर घालून पट्टा आवळला. "डुबला तरी डोकं वर ठेव," एवढंच म्हणाल्या. लंगोटी आणि हेल्मेट एवढ्यावर तो माणूस पुरात उतरला. लाल हेल्मेट खाली-वर होत गेलं, एकदा दिसेनासंच झालं. सिस्टरांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठले. मग ते हेल्मेट बरंच खाली, पलीकडच्या झाडोऱ्यात वर आलं. तिकडे एकच आरडाओरडा झाला.

"आज माहा वाटा हाये!" सिस्टर काठावरून ओरडल्या. "जावईबापू जेवले का?"

जुरू पलीकडे उभा राहिला. गायत्याच्या बायकोने सिस्टरांच्या वतीने त्याच्या हातावर गोळी ठेवली. त्याने गिळली, पाणी प्यायला आणि तोंड आ करून आमच्याकडे दाखवलं. एवढ्या लांबून मला नुसता माणूस दिसत होता.

"गिळली," सिस्टर म्हणाल्या. "दिसली मले."

चौऱ्याऐंशी दिवस झाले. एकही गोळी चुकली नाही. पण खरी परीक्षा त्यानंतर बारा आठवड्यांनी असते. तेव्हा पुन्हा रक्त तपासायचं आणि विषाणू सापडला नाही तरच माणूस बरा. नमुना नागपूरला गेला तेव्हापासून सिस्टर माझ्या खिडकीशी रोज दोनदा येऊन उभ्या राहायच्या आणि काही न विचारता जायच्या. बडबड बंद झाली होती. मला ते शांत राहणं सोसवत नव्हतं. कडक झालेलं यकृत, आधी वाया गेलेली बाटली, सगळं त्यांच्या मनात असणार.

कागद आला त्या दिवशी मी तो वाचून त्यांच्या हातात दिला आणि आम्ही लगेच निघालो. नोव्हेंबर संपत आला होता, धान कापून झालं होतं. गाव आमची गाडी ऐकूनच गोळा झालं. पण अहवाल पेशंटला एकट्यालाच सांगायचा, असा नियम आहे, आणि का कोण जाणे, सिस्टरांना त्याच दिवशी नियम आठवला. त्या जुरूला त्याच्या घरामागे घेऊन गेल्या. सव्वीस घरं अलीकडे चिडीचूप उभी. त्याची बायको राजे कुडाचा मेढा धरून होती.

मला कुडाच्या फटीतून ऐकू आलं. सिस्टर म्हणाल्या, "जावईबापू, रक्तात रोग नाई. गेला."

जुरू म्हणाला, "मले एकट्याले काऊन सांगून राह्यली?"

तो बाहेर आला. गावासमोर उभा राहिला. त्याने नुसते दोन्ही हात वर केले. राजे तिथेच खाली बसली. मग जो गोंगाट झाला त्यात एक म्हातारा माझा दंड धरून परत परत विचारत होता, "आमी बरे झालो? आमी बरे झालो का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझी बदली त्याच आठवड्यात वडशाला झाली, त्यामुळे पुस्केटोल्यात सिस्टरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. उशीर होत होता, गाडीवाला कुरकुरत होता. सगळ्या गावाने एकदम ऐकलं होतं, तरी सिस्टर म्हणाल्या, ज्यानं गोळी दिली त्याच्या घरात जाऊन सांगितलं पाहिजे. पहिल्या घरात वाकून शिरल्या, बाहेर आल्या. दुसऱ्यात शिरल्या. प्रत्येक घरातून आतल्या बायकांचा हसण्याचा आवाज यायचा. पाचव्या घराच्या दारात त्यांनी मागे वळून मला हाताने खूण केली, की थांबा. अजून एकवीस घरं राहिली होती. मी गाडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.